राकिउरा बेटावरचा हा वृक्षनेचा कोणता? (फोटो आहेत, ओळखायला मदत हवी)

शेवंती

नमस्कार मंडळी. निसर्ग विभागात माझा हा पहिलाच धागा.

मागच्या महिन्यात आई आणि मी न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाला राकिउरा, म्हणजे स्टुअर्ट आयलंडला जाऊन आलो. ब्लफहून फेरीबोट घेतली, तासाभराचा प्रवास, फोवो सामुद्रधुनीने चांगलंच हलवलं. ओबान गावात तीन रात्री राहिलो. आईचं वय ६८, त्यामुळे ३२ किलोमीटरचा राकिउरा ट्रॅक पूर्ण करायचा प्रश्नच नव्हता, पण गावाजवळच्या जंगलवाटा आम्ही दोघींनी सावकाश पालथ्या घातल्या.

तिथे एका ओढ्याच्या काठी हे झाड भेटलं. झाड म्हणतेय, पण आहे नेचा. माझ्या अंदाजे चारेक मीटर उंच. वर छत्रीसारखा पानांचा घेर, मधोमध गुंडाळलेले कोवळे कोंब. आई त्याच्यापाशी थांबली ती हलेचना. खाली झुकलेलं एक पान दोन बोटांत धरून म्हणाली, "किती मऊ आहे गं हे." नंतर रोजनिशीत तिने त्या दिवसाचं पान लिहिलं आणि "झाडाचं नाव :" असं लिहून पुढे जागा सोडली. ती जागा अजून रिकामी आहे. दर दोन दिवसांनी विचारते, "कळलं का नाव?"

तीन फोटो देतेय. पहिला पूर्ण झाडाचा, दुसरा खालून वर पाहताना, तिसरा खोडाचा. कुणी सांगेल का?

[फोटो १] [फोटो २] [फोटो ३]

दर्यावर्दी

अहो, सोपं आहे. हा सिल्व्हर फर्न. न्यूझीलंडचं राष्ट्रीय चिन्हच ते. रग्बीच्या काळ्या जर्सीवर असतो तोच. आईंना सांगा, लिहून टाका.

अबोली७

फोटो सुंदर! दुसऱ्या फोटोत पानांतून आलेला उजेड बघत बसले. नाव माहीत नाही, पण उत्तराची वाट बघतेय. वाचनखूण साठवली.

चकवा

मला फोटो दिसत नाहीत. इतरांना दिसतायत का?

चकवा

आता दिसले. मोबाइलमधल्या ओळखणाऱ्या ॲपला पहिला फोटो दाखवला. त्याने डिक्सोनिया अंटार्क्टिका सांगितलं.

पागोळी

शेवंती, स्वागत! मी गेली १४ वर्षं ऑकलंडमध्ये आहे. वृक्षनेचे आमच्याकडे अंगणात, रस्त्याकडेला, पुलाखाली, सगळीकडे. तरी सांगते, नुसता छत्रीचा फोटो बघून नाव सांगायचं धाडस मी करणार नाही. लांबून सगळे सारखेच दिसतात.

दर्यावर्दी, सिल्व्हर फर्न म्हणजे पोंगा. त्याच्या पानाची खालची बाजू पांढरी-चंदेरी असते. दुसरा फोटो खालूनच काढलाय आणि त्यात पानं हिरवी दिसतायत.

दर्यावर्दी

@पागोळी, उजेड मागून येतोय म्हणून हिरवी दिसत असतील. शिवाय कोवळ्या पोंग्याची पानं खालूनही हिरवीच असतात असं वाचलंय.

पागोळी

लहान रोपांची असतात, खरंय. पहिली काही वर्षं चंदेरी रंग येत नाही. पण हा चार मीटरचा आहे, त्याला लहान कसं म्हणायचं? मोठ्या पोंग्याच्या पानाची खालची बाजू मागून ऊन असलं तरी पिठूळ पांढरी दिसते. जंगलात माओरी लोक वाटेवर ही पानं उलटी टाकून ठेवत, म्हणजे रात्री चांदण्यात चंदेरी बाजू चमकून वाट सापडायची.

अबोली७

चांदण्यात वाट दाखवणारी पानं! हे आज पहिल्यांदा कळलं.

टाकळा

वनस्पतिशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे धागा उघडल्यावर राहवलं नाही.

आधी शेवंतीबाईंना एक विनंती. वृक्षनेचा ओळखताना सगळे पानाचा फोटो काढतात आणि पान हाच सर्वांत फसवा भाग असतो. तीनदा विभागलेलं, पिसासारखं, हिरवं पान जवळजवळ सगळ्यांचंच. ओळख लपलेली असते ती तीन ठिकाणी. पानाचा देठ खोडाला जिथे चिकटतो तिथे केस आहेत की खवले? वाळलेली पानं झाडावर कशी राहतात, की गळून पडतात? आणि पानाच्या पाठीवरचे बीजाणूंचे ठिपके कडेला आहेत की आत?

न्यूझीलंडचे बहुतेक वृक्षनेचे दोन कुळांत बसतात. एक सायथिएसी, त्यात पोंगा, मामाकू वगैरे. त्यांच्या देठांवर आणि कोंबांवर चपटे खवले असतात. दुसरं डिक्सोनिएसी, त्यात फेकी वगैरे, तिथे खवले नाहीत, केस असतात. या एका प्रश्नाच्या उत्तराने निम्मी यादी गळते.

ॲपने सुचवलेला डिक्सोनिया अंटार्क्टिका ऑस्ट्रेलियाचा, टास्मानियात भरपूर. बागांमध्ये जगभर लावतात म्हणून त्याचे फोटो सर्वांत जास्त आणि म्हणून ॲप तिकडे झुकतं. राकिउराच्या जंगलात तो आपणहून उगवलेला नसणार.

तिसऱ्या फोटोतल्या खोडाचा तपकिरी रंग बघून माझं मत फेकी, म्हणजे डिक्सोनिया स्क्वारोजा. पण खात्री नाही. जवळचा फोटो आहे का?

चकवा

टाकळाकाका, ॲपवर विसंबायला नको हे पटलं. पण गंमत म्हणजे त्याच ॲपला दुसरा फोटो दाखवला तर वेगळंच नाव आलं आणि तिसऱ्याला आणखी वेगळं. एकाच झाडाची तीन नावं.

निवडुंग

काका, 'केस की खवले' हे वाचून बसल्या जागी ताठ झालो. मी हवाईच्या बिग आयलंडवर राहतो आणि इथे हाच प्रश्न आम्हाला रोज विचारावा लागतो.

इथले मूळचे वृक्षनेचे म्हणजे हापूउ, सिबोटियम. ज्वालामुखीच्या उतारावरच्या ओहिया नावाच्या झाडांच्या जंगलात खालचा मजला यांचाच. त्यांच्या कोंबांवर केस असतात. हापूउ पुलूचे सोनेरी, रेशमासारखे मऊ. हापूउ इइचे ताठ, काळपट-तांबूस. आणि बागेतून पळून जंगलात शिरलेला ऑस्ट्रेलियन वृक्षनेचा, कूपरचा सायथिया, त्याच्या देठावर पांढरे खवले. तो झपाट्याने वाढतो आणि मूळच्या हापूउंना जागा ठेवत नाही. आम्ही स्वयंसेवक म्हणून तो उपटायला जातो तेव्हा नव्या लोकांना पहिला धडा हाच देतो की हात लावा, केस लागले तर सोडा, पांढरे खवले दिसले तर दाखवा. चुकून हापूउ उपटला गेला की जीव हळहळतो.

पुलू म्हणजे तो सोनेरी केसांचा लोकर. एकोणिसाव्या शतकात, १८५० नंतरची तीसेक वर्षं, इथून जहाजं भरभरून पुलू कॅलिफोर्नियाला जायचा, उशा-गाद्यांत भरायला. तो काही वर्षांत भुगा होतो हे नंतर लोकांना कळलं. तोवर कितीतरी नेचे त्यासाठी तोडले गेले होते.

पागोळी

निवडुंग, उशांसाठी नेच्यांची जंगलं! वाचून वाईट वाटलं.

आमच्याकडे खोडं कुंपणाला वापरतात. वृक्षनेच्यांची मेलेली खोडं शेजारी शेजारी उभी पुरायची. आमच्या मागच्या अंगणात अशी भिंत आहे. दुसऱ्या पावसाळ्यात त्यातल्या चार खोडांना पालवी फुटली! घरमालकीणबाई म्हणाल्या, ते फेकी असणार, बाकीचे पोंगा नुसते उभे आहेत. आता आमच्या कुंपणाला हिरवे तुरे आहेत. मी ते छाटू देत नाही.

आणि इथले गोरे लोक पोंगाचा उच्चार करतात 'पंगा'. सुरुवातीला शेजारी म्हणाले, "मी या शनिवारी पंगा घेणार आहे", तेव्हा मी घाबरून नवऱ्याला हाक मारली होती.

अबोली७

पंगा घेणार 😂😂 पागोळीताई, हे मी आज घरी सगळ्यांना सांगणार.

चकवा

आणि फेकी काय? टाकळाकाका फेकी म्हणाले तेव्हा मला वाटलं कुणीतरी काहीतरी फेकलं.

टाकळा

माओरीत रोमन लिपीतल्या 'डब्ल्यूएच'चा उच्चार फ च्या जवळ जातो, म्हणून फेकी. शास्त्रीय नावातला 'स्क्वारोजा' हा शब्दही लक्षात ठेवण्यासारखा आहे, अर्थ खरखरीत. पोंगाचं 'डीअल्बाटा' म्हणजे पांढरं केलेलं, चुना फासल्यासारखं. मामाकूचं 'मेड्युलारिस' हे आतल्या गाभ्यावरून, कारण माओरी लोक त्याचा गाभा भाजून खात. पोंगा आणि मामाकूचं पहिलं शास्त्रीय वर्णन गेओर्ग फॉर्स्टरने केलं. कॅप्टन कुकच्या दुसऱ्या सागरी सफरीत (१७७२–७५) तो वडिलांबरोबर होता, तेव्हा अगदी पोरसवदा. नंतर सायथियाचे गट फोडले गेले. पोंगाला आता अल्सोफिला डीअल्बाटा म्हणतात, मामाकूला स्फेरोप्टेरिस मेड्युलारिस. जुन्या पुस्तकांत दोन्ही सायथियाच सापडतील, त्यात गोंधळून जाऊ नका.

रानपाखरू

उशिरा येतेय. मी वेलिंग्टनला आहे. शनिवारी सकाळी ओटारी-विल्टन्स बुशमध्ये जाते, इथली फक्त देशी झाडं जपणारी बाग. तिथे नेच्यांचा मोठा संग्रह आहे, त्यामुळे हे चेहरे रोजच्या ओळखीचे.

काकांबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगते, मला हा फेकी वाटत नाही. तिसरा फोटो मोठा करून बघा. पानांच्या घेराखाली खोडाभोवती जे लोंबतंय ते नीट बघा. तपकिरी, बारीक, लांब काड्या. त्यांना पानाचा एक तुकडा चिकटलेला नाही. नारळाच्या झावळीतली पाती सोलून नुसते हीर उरावेत आणि ते खोडाला बांधून ठेवावेत तसं. माझ्या डोळ्यांना तो सरळ खराटा दिसतो.

हा कातोते आहे. सायथिया स्मिथियाय, आताचं नाव अल्सोफिला स्मिथियाय. त्याची पानं वाळली की पर्णिका, म्हणजे पानाची बारीक पाती, गळून जातात आणि मधल्या शिरा मात्र वर्षानुवर्षं लोंबत राहतात. त्या काड्यांचा घागरा ही त्याची सही.

एकेकाची तऱ्हा बघा. मामाकू जुनं पान स्वच्छ टाकून देतो, खोडावर षटकोनी व्रण उरतात, एखाद्या जनावराच्या कातड्यावरचे खवले असावेत तसे. त्याचे देठ काळेभोर, पानं पाच मीटरपर्यंत, झाड वीस मीटरपर्यंत जातं, तो असता तर तुम्ही फोटोत मुंगीएवढ्या दिसला असतात. पोंगा पान टाकतो पण देठाचे बुंधे खोडावर ठेवतो. फेकी-पोंगा नावाचा आणखी एक डिक्सोनिया आहे, त्याची वाळलेली पानं पर्णिकांसकट लोंबतात आणि खोडाभोवती गवताच्या शाकारणीसारखा जाड घागरा होतो. काड्या काड्यांचा घागरा कातोतेचाच.

टाकळा

रानपाखरू, काड्यांकडे माझं लक्ष गेलं नव्हतं. तरी एक शंका उरते. फेकीलाही कधी कधी वाळक्या पानांचा विरळ घागरा असतो आणि वाऱ्यापावसात त्याच्याही पर्णिका झडू शकतात. फोटोत खोडाचा वरचा भाग सावलीत आहे. देठाच्या मुळाशी काय आहे ते दिसल्याशिवाय मी कागदावर सही करणार नाही. केस की खवले?

रानपाखरू

मान्य काका. खवल्यांचा पुरावा हवाच.

दर्यावर्दी

म्हणजे सिल्व्हर फर्न नक्कीच नाही का? मला अजून वाटतं की फोटोत रंग नीट येत नाही.

रानपाखरू

दर्यावर्दी, झाडाचं सोडा, जागेवरूनच तो बाद होतो. पोंगा उत्तर बेटावर सगळीकडे, दक्षिण बेटाच्याही बऱ्याच भागात आहे, पण दक्षिण बेटाच्या पश्चिम आणि दक्षिण पट्ट्यात नाही, राकिउराला तर नाहीच. त्याला थोडी कोरडी, निचऱ्याची जमीन मानवते. म्हणून ओळखायला बसण्याआधी आपण कुठे उभे आहोत ते विचारावं. राकिउराच्या जंगलात चार मीटरचा वृक्षनेचा दिसला तर मनात पहिली दोन नावं येतात, कातोते आणि फेकी.

उलट कातोते थंडीचा गडी आहे. राकिउराच्याही दक्षिणेला, साधारण ५०.५ अंश दक्षिण अक्षांशावर ऑकलंड बेटं आहेत (पागोळीताईंच्या शहराशी संबंध नाही, नाव तेवढं सारखं). वस्ती नाही, वर्षभर वारा आणि पाऊस. तिथेही कातोते उगवतो. जगातला सर्वांत दक्षिणेकडचा वृक्षनेचा तोच. नेचे म्हटलं की लोकांना उष्ण दमट रान आठवतं, आणि हा त्या गारठ्यात छत्री उघडून उभा आहे. मला त्याचं फार कौतुक आहे.

दर्यावर्दी

जागेवरून बाद होतो हे मात्र डोक्यात नव्हतं आलं. माघार घेतो. रग्बीमुळे एकच नेचा माहीत होता. १८८८–८९ साली ब्रिटनच्या दौऱ्यावर गेलेल्या न्यूझीलंडच्या 'नेटिव्ह' रग्बी संघाच्या जर्सीवर तो आला आणि मग कायमचाच राहिला. २०१६ च्या सार्वमतात झेंड्यावर चंदेरी नेचा आणायचा प्रस्ताव होता, ५६.६ टक्के लोकांनी जुनाच झेंडा ठेवला. माझी नेच्यांची माहिती इथे संपते. आता वाढतेय.

अबोली७

एक बाळबोध प्रश्न. नेच्याला खोड असतं का? शाळेत तर शिकलो होतो की नेच्याचं खोड जमिनीखाली आडवं असतं.

टाकळा

बाळबोध मुळीच नाही, चांगला प्रश्न आहे. तेच आडवं खोड इथे उभं राहिलंय. याला आपल्या झाडांसारखं लाकूड नसतं, वर्षवलयं नसतात, त्यामुळे कापून वय मोजता येत नाही. बुंध्याशी जाडी दिसते ती बहुतेक मुळांची. खोडातूनच बारीक काळी मुळं फुटतात, एकमेकांत विणली जातात आणि बाहेरून गोणपाटासारखं आवरण तयार होतं. मूळ खोड आत बारीकच असतं.

आणि वाढ होते ती फक्त शेंड्यातून. सगळी नवी पानं त्या एका ठिकाणी तयार होतात. बहुतेक वृक्षनेच्यांचा शेंडा मोडला की झाड संपलं. फेकी अपवाद, तो जमिनीखालून धावणाऱ्या फांद्यांतून नवी खोडं काढतो आणि मग त्याची झुंड तयार होते. पागोळीच्या कुंपणाला पालवी फुटली त्याचंही मूळ याच चिवटपणात आहे. म्हणून जंगलात कोंब कितीही गोड दिसला तरी ओढू नये.

अबोली७

काका, समजलं. तुमचे विद्यार्थी नशीबवान.

पागोळी

तो गुंडाळलेला कोंब म्हणजे कोरू. माओरी कोरीवकामात, गोंदणात सगळीकडे तो आकार दिसतो. एअर न्यूझीलंडच्या विमानांच्या शेपटीवरही आहे. माओरीत एक म्हण आहे, अर्थ असा की एक नेचा पडतो, दुसरा वर येतो. मोठं माणूस गेल्यावर म्हणतात. आमच्या गल्लीतल्या एका आजोबांच्या अंत्यविधीला मी ती प्रत्यक्ष ऐकली. तोवर मला कोरू म्हणजे नुसती नक्षी वाटायची. तेव्हापासून अंगणातल्या त्या चार खोडांना कोंब आला की मी पान उलगडेपर्यंत रोज सकाळी जाऊन बघते. आधी मूठ, मग मनगट सैल होतं, मग बाजूच्या बारीक मुठी एकेक करून उघडतात.

शेवंती

मंडळी, कामाच्या गडबडीत दोन दिवस इकडे फिरकता आलं नाही. एवढे प्रतिसाद! सगळे आईला मोठ्याने वाचून दाखवले. पंग्यावर ती खूप हसली.

आता महत्त्वाचं. काकांनी जवळचा फोटो मागितला, माझ्याकडे नव्हता. पण आईने तिच्या फोनवर स्वतः दोन फोटो काढले होते, मला माहीतच नव्हतं. वाटेवरच्या एका लहान, कमरेएवढ्या रोपाचा कोंब तिने अगदी नाक लावून टिपलाय. ते रोप मोठ्या झाडाच्या पायथ्याशीच होतं आणि ती म्हणते पान तसंच मऊ होतं.

[फोटो ४] [फोटो ५]

चौथ्यात कोंब आहे. मी मोठा करून बघितला. त्याच्यावर केस नाहीत. पिवळसर-तपकिरी, पातळ, चपटे पापुद्रे आहेत, एकावर एक, टोकाला निमुळते. लसणाची पाकळी सोलताना बोटाला चिकटते ना ती साल, तशी. पाचव्यात देठाच्या मुळाशीही तेच.

हे खवले म्हणायचे ना?

रानपाखरू

खवलेच! शेवंती, आईंना माझा नमस्कार सांग. एवढा चांगला कोंबाचा फोटो मीही काढलेला नाही.

टाकळा

खवले, शंकाच नाही. डिक्सोनिया बाद, माझा फेकी मागे घेतो. सायथिएसी कूळ, राकिउरा बेट, काड्यांचा घागरा. कातोते.

आणि सर्वांत मोठा पुरावा पहिल्याच परिच्छेदांत होता, माझं लक्ष गेलं नाही. आई म्हणाल्या, "किती मऊ आहे गं हे." फेकीचं पान हाताला खरखरीत लागतं, नावच तसं. कातोतेचं इंग्रजी नाव आहे सॉफ्ट ट्री फर्न, मऊ वृक्षनेचा. ज्यांनी ते नाव दिलं त्यांनीही आईंसारखंच पान दोन बोटांत धरलं असणार.

पुढच्या वेळी पानाच्या पाठीचाही फोटो काढा. कातोतेचे बीजाणूंचे ठिपके पानाच्या कडेपासून आत, गोल, आणि प्रत्येकाखाली उथळ बशीसारखं आवरण. पोंग्यात तीच बशी खोल होऊन वाटी होते. फेकीत ठिपके अगदी कडेला, दोन झाकणांच्या शिंपल्यात बंद. साधं दहा पट भिंग पुरतं. पान तोडू नका, नुसतं उलटवा. तिथल्या संवर्धन खात्याच्या जमिनीवरून काही गोळा करायला परवानगी लागते.

शेवंती

काका, हे आईला वाचून दाखवताना माझा आवाज जरा अडखळला. ती म्हणाली, "मग मीच ओळखलं म्हणायचं की." आत्ता शेजारी बसून रोजनिशीत लिहितेय. कातोते. खाली मराठीत 'मऊ नेचा'. स्पेलिंग दोनदा विचारून घेतलं.

निवडुंग

वा! आईंचं अभिनंदन. आमच्या स्वयंसेवकांच्या गटात मी ही गोष्ट सांगणार आहे.

चकवा

त्या काड्यांच्या घागऱ्याचा झाडाला उपयोग काय पण? नुसता वाळका कचरा वागवायचा कशाला?

रानपाखरू

पेज आणि ब्राउनसी या वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये नेमका हाच प्रश्न घेतला होता. त्यांच्या निबंधाचा रोख असा की घागरा हे वेलींपासून आणि खोडावर बसणाऱ्या मोठ्या झाडांपासून संरक्षण आहे. न्यूझीलंडच्या ओल्या जंगलात वृक्षनेच्याचं मुळांनी विणलेलं खोड म्हणजे बियांना आयतं वाफ्यासारखं. घागरा असला की वेलीला वर चढायला पक्का आधार मिळत नाही, काड्या तुटून वेलीसकट खाली पडतात. म्हणजे कचरा कामाचा आहे.

शेवंती

अरे, यावरून आठवलं! आईचा अजून एक फोटो आहे. त्याच ओढ्याच्या काठी, दोन पावलांवर दुसरं खोड होतं. आम्हाला वाटलं तोही हाच नेचा. पण त्याला काड्यांचा घागरा नाही, खोडावर काळे खुंट आहेत, शेजारी आणखी तीन-चार बारीक खोडं दाटीने उभी. आणि खोडाच्या मध्यावरून एक वेगळंच झाड उगवलंय, कातेरी कडांची पानं असलेलं, त्याची मुळं खोडाला मिठी मारून खाली उतरतायत. त्याखाली हिरव्या पट्ट्यांसारखं काहीतरी लोंबतंय.

[फोटो ६]

रानपाखरू

टाकळाकाका, बघा हो! तुमचा फेकी सापडला. दाटीने उभी खोडं, काळे खुंट, वर पानं आखूड आणि ताठ. दोन पावलांवर दोघं उभे होते आणि आपण एकाच फोटोवर वाद घालत बसलो.

टाकळा

फार आनंद झाला. हो, फेकी वाटतो.

मधून उगवलेलं झाड कामाही असावं, राकिउराच्या जंगलात ते भरपूर. त्याचं बी बारीक, नेच्याच्या ओलसर खोडावर रुजतं, मग मुळं जमीन गाठतात. पुढे ते मोठं होतं आणि नेचा म्हातारा होऊन संपतो. कित्येक मोठ्या कामाहींच्या बुंध्यात असा नेचा गडप झालेला असतो.

लोंबणारं हिरवं जे आहे त्याचा मात्र जवळचा फोटो हवा. माझा अंदाज मेसिप्टेरिस, फोर्क फर्न. त्याला मुळंच नसतात आणि वृक्षनेच्याचं खोड ही त्याची आवडती जागा. त्याचा न्यू कॅलेडोनियातला एक भाऊबंद २०२४ मध्ये गाजला होता. आजवर मोजलेल्या सजीवांत सर्वांत मोठा जीनोम (पेशीतल्या डीएनएचा पूर्ण संच) त्याचा निघाला, सुमारे १६० अब्ज बेसजोड्या, म्हणजे डीएनएच्या शिडीच्या पायऱ्या. आपल्या तीन अब्जांपुढे पन्नासपट.

आईंच्या फोनमध्ये अजून काही आहे का, विचाराल?

शेवंती

विचारलं. म्हणते, "फोन चार्जिंगला लाव, शोधते." कोंब, शेवाळ, बुंधे यांचेच चाळीसेक फोटो आहेत म्हणे. माझे सगळे समुद्राचे.

पागोळी

शेवंती, सगळे टाक. आणि तो फोर्क फर्न निघाला तर त्याच्यासाठी वेगळा धागा काढ, इथे शोधताना हरवेल.